एडमंटनच्या जुन्या वस्तीत १९५२ चे घर घ्यावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेली काही वर्षे कॅनडातल्या एडमंटनच्या मिल वुड्स भागात भाड्याने राहणारे आपले चौकोनी कुटुंब आता स्वतःचे घर घेण्याच्या विचारात आहे. पार्कॅलन या जुन्या वस्तीतला १९५२ साली बांधलेला एक बैठा बंगला मनात भरला आहे. परंतु तितक्याच पैशांत शहराच्या दक्षिण टोकाला नवेकोरे आणि बरेच मोठे घर मिळत असल्यामुळे, आणि ‘जुने घर म्हणजे विकतचे दुखणे’ असे ओळखीचे लोक सांगत असल्यामुळे, पाऊल पुढे पडत नाही. पुण्याहून आई-वडील येऊन राहतील तेव्हा त्यांच्यासाठी तळघर वापरता येईल का, आणि शेजारचे घर पाडून तिथे आठ बिऱ्हाडे उभी राहतील ही भीती कितपत खरी आहे, हेही आपण विचारले आहे. मी याच शहरात घरतपासणीचा व्यवसाय करतो आणि माझे बरेचसे काम जुन्या वस्त्यांतच चालते, त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हे घर घ्यायला हरकत नाही, मात्र ते पाहण्याचा आपला क्रम उलटा हवा. अशा वस्तीत आपण जे पैसे मोजतो त्यांतला मोठा वाटा जमिनीचा असतो, आणि घराचे जे खरे धोके असतात ते मातीत, सांडपाण्याच्या नळात आणि मालमत्तेच्या कागदांत दडलेले असतात. विक्रीपूर्वी नवे केलेले स्वयंपाकघर किंवा घासून-पुसून पॉलिश केलेली लाकडी जमीन यांमुळे माझ्या अहवालातली एकही महत्त्वाची ओळ बदलत नाही. नुकतेच पांढरे रंगवलेले तळघर दिसले, तर उलट मी तिथे दुप्पट वेळ थांबतो.

पार्कॅलनसारखी वस्ती कशी घडली हे ठाऊक असले की तिथल्या घरांत काय सापडणार याचा अंदाज बांधता येतो. फेब्रुवारी १९४७ मध्ये एडमंटनजवळ लेड्यूक येथे तेल लागले आणि महायुद्धानंतर घरांची आधीच तीव्र असलेली टंचाई एकदम असह्य झाली. १९४९ साली शहराने नोएल डँट यांना पहिले नगररचनाकार म्हणून नेमले. त्याआधीच्या बहुतेक वस्त्या काटकोनी चौकटींत आखलेल्या होत्या. डँट यांनी मात्र मध्यभागी शाळा, मैदान आणि वस्तीचे सभागृह ठेवून भोवती वळणदार रस्ते आखण्याची पद्धत इथे आणली, आणि पार्कॅलन हे तिचे सुरुवातीचे उदाहरण. अशा वस्त्यांतले प्लॉट साधारण ५० फूट रुंद आणि १२० फूट किंवा त्याहून जास्त खोल असतात; त्यावर हजार चौरस फुटांच्या आसपासचे बैठे किंवा दीड मजली घर, बाजूला थेट तळघराच्या जिन्यापाशी उघडणारे दार, आणि मागच्या गल्लीवर सुटे गॅरेज. बाजूच्या या दाराला पुढे फार महत्त्व येते, त्याकडे मी तळघराच्या मुद्द्यात येईन.

सगळ्या जुन्या वस्त्यांना एकाच मापाने मोजू नये, एवढे मात्र इथेच सांगायला हवे. वेस्टमाउंट किंवा हायलँड्स या भागांतली कित्येक घरे १९१२ च्या सुमाराची आहेत, म्हणजे स्ट्रॅथकोना हे नदीपलीकडचे शहर एडमंटनमध्ये विलीन झाले त्या भरभराटीच्या काळातली. तिथे विटांचा पाया, चिनीमातीच्या खुंट्यांवरून ओढलेल्या जुन्या तारा आणि लाकडी पट्ट्यांवरचा गिलावा सापडतो. १९५२ चे घर त्या मानाने बरेच आधुनिक असते. उलट मिल वुड्समधली १९७० च्या दशकातली घरे वयाने लहान असली, तरी त्यांतल्या काहींत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा आहेत, ज्या १९६५ ते १९७५ च्या सुमारास वापरल्या गेल्या आणि ज्यांचे सांधे सैल होऊन तापतात. घराचे वय जास्त म्हणून धोका जास्त, असा सरळ हिशेब या शहरात लागत नाही.

आता मातीविषयी. एडमंटनचा मोठा भाग हिमयुगाच्या अखेरीस इथे असलेल्या एका विस्तीर्ण सरोवराच्या तळाच्या गाळावर वसला आहे. ही चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. त्यामुळे इथल्या तळघराच्या काँक्रीटच्या भिंतीला तडा नसणे हीच नवलाची गोष्ट म्हणावी लागेल. प्रश्न असतो तो तडा कोणत्या प्रकारचा आहे याचा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, केसाएवढी, उभी किंवा किंचित तिरकी भेग ही बहुतेक वेळा काँक्रीट सुकतानाची असते आणि ती भरून घेता येते. भिंतीच्या साधारण मध्यावरून गेलेला आडवा तडा, आणि त्या रेषेत भिंत आत कलल्याचे ओळंबा लावल्यावर दिसणे, ही मात्र वेगळीच गोष्ट आहे. बाहेरची ओली माती भिंतीला ढकलत आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि अशा वेळी मी अहवालात ‘बांधकाम अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी’ असे लिहितो, मग घर कितीही देखणे असो.

तळघरात उतरल्यावर मधली मुख्य तुळई ज्या पोलादी खांबांवर तोललेली असते त्यांकडेही पाहावे. इथे त्यांना टेलिपोस्ट म्हणतात आणि त्यांच्या टोकाला उंची कमी-जास्त करण्यासाठी आटे असतात. जमीन हलते तसे हे खांब कसे-सैल करावे लागतात. आटे गंजून किंवा रंगाने बुजून गेले असतील, तर गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कोणी हात लावलेला नाही हे कळते. मग वरच्या मजल्यावर पाणसळ ठेवून जमीन मधोमध उंचावली आहे का ते तपासतो, आणि दारांच्या चौकटींच्या वर तिरके तडे आहेत का ते पाहतो. ते तडे ताज्या रंगाखाली लपलेले असले, तरी दाराच्या फळीची वरची कड तिरकी तासलेली असते, आणि ती सहसा कोणी लपवत नाही.

मातीचा हा खेळ पाण्यावर चालतो, म्हणून पायाभोवतीचा उतार आणि पन्हळी या दोन गोष्टी अतिशय स्वस्त असूनही सर्वांत मोलाच्या आहेत. घरापासूनच्या पहिल्या दोन मीटरांत जमीन सुमारे वीस सेंटिमीटर उतरती हवी. सत्तर वर्षांत पायालगतची माती दबते, फुलझाडांचे वाफे होतात, आणि उतार चक्क घराकडे वळतो. पन्हळीचे पाणी भिंतीच्या बुडाशी न सोडता नळाला जोड लावून दूर न्यावे. तळघरात पाणी येते म्हणून पाया खोदून जलरोधक थर लावण्याचे मोठे अंदाजपत्रक मागवणाऱ्या माणसाला मी आधी माती भरून एक उन्हाळा वाट पाहायला सांगतो. अनेकदा तेवढ्यानेच काम भागते.

सांडपाण्याच्या नळाबद्दल मात्र अशी ढिलाई मी करू देत नाही. १९५२ च्या घरापासून रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीपर्यंतचा नळ बहुतेक भाजलेल्या मातीच्या तुकड्यांचा असतो, आणि त्या तुकड्यांच्या सांध्यांतून झाडांची मुळे आत शिरतात. सर्वसाधारण घरतपासणी ही डोळ्यांनी करण्याची पाहणी असते. अल्बर्टा या आमच्या प्रांतात आम्हांला २०११ पासून परवाना घ्यावा लागतो, तरी नळात कॅमेरा घालणे हे आमच्या नेहमीच्या कामात मोडत नाही. ते वेगळे सांगून, वेगळे पैसे देऊन करून घ्यावे लागते. कॅमेऱ्यात तीन गोष्टी दिसाव्या लागतात: मुळे किती आणि कुठे आहेत, नळ कुठे खचून त्यात पाणी साचते आहे का, आणि एखादा तुकडा फुटून माती दिसते आहे का. मुळे कापून काढता येतात आणि दर एक-दोन वर्षांनी ते करत राहिले तरी संसार चालतो. खचलेला किंवा फुटलेला नळ मात्र खोदूनच बदलावा लागतो, आणि तो अंगणातल्या काँक्रीटखाली असेल तर खर्च आणखी वाढतो.

त्याच नळावर उलटे पाणी अडवणारी झडप आहे का, हे तळघराच्या जमिनीतल्या झाकणाखाली पाहावे. जुलै २००४ मध्ये या शहरात झालेल्या मुसळधार पावसांनी हजारो तळघरांत सांडपाणी शिरले होते. ही झडप नव्या घरांत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सक्तीची आहे, जुन्या घरांत नंतर कोणी बसवली असेल तरच असते. शहराच्या गटारांची व्यवस्था २०१७ पासून एपकोर या नगरपालिकेच्या मालकीच्या कंपनीकडे आहे. झडप बसवण्यासाठी तिच्याकडून अनुदान मिळत आले आहे आणि घरी येऊन पूरप्रतिबंधाची पाहणीही करून मिळते, तेव्हा घर घेतल्यावर पहिल्या महिन्यातच त्यांना बोलवावे. पाणी घरात आणणारा नळ शिशाचा आहे का, हे आपण स्वतः पाहू शकता: मीटरच्या खालच्या बाजूला जमिनीतून वर येणाऱ्या नळावर किल्लीने हलके खरवडले असता चांदीसारखी चकाकी दिसली आणि लोहचुंबक चिकटला नाही, तर तो शिशाचा समजावा. १९६० च्या आधीच्या काही घरांत तो आजही आहे. लहान मुले असलेल्या घरात हा मुद्दा टाळू नये.

भिंतींआड काय असेल? १९५२ च्या घरात तांब्याच्याच तारा असतात, पण त्यांना बहुधा अर्थिंग नसते. दोन छिद्रांचे सॉकेट जिथे जिथे दिसतील तिथे अर्थिंग नाही असे गृहीत धरावे. मुख्य जोडणी मुळात ६० अँपिअरची असायची. ती १०० ची करून घेतली नसेल, तर विमा कंपन्या कटकट करतात आणि विमा नाही तर बँकेचे कर्ज नाही. १९८० च्या दशकात कोणी न्हाणीघर नवे केले असेल, तर पॉलीब्युटिलीनचे राखाडी प्लास्टिक नळ सापडण्याची शक्यता असते. ते पुढेमागे बदलावे लागतातच. पोटमाळ्यात डोके घातले की नंतर घातलेल्या थराखाली अनेकदा रंध्याने तासलेल्या लाकडाच्या सालपटांचा थर दिसतो, जो त्या काळी थंडी अडवण्यासाठी घालत असत आणि जो निरुपद्रवी आहे. त्यावर चमकदार, अभ्रकासारखे, सोनेरी-करडे खडे पसरलेले असतील, तर ते व्हर्मिक्युलाइट हे थंडी अडवण्यासाठी घातलेले खनिज असते आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याचे तंतू श्वासातून गेल्यास घातक असल्याने त्याला हात लावू नये, ढवळू नये आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. नऊ इंची चौरस फरशा आणि हीटिंगच्या डक्टच्या सांध्यांवरची पांढरी कागदी पट्टी यांचेही तसेच. न छेडता राहू दिल्यास या गोष्टी सहसा त्रास देत नाहीत. पण आपल्याला भिंती पाडून स्वयंपाकघर मोकळे करायचे असेल, तर पाडकामाआधी तपासणी आणि निर्मूलन यांचा खर्च धरावाच लागतो, आणि इथेच अनेकांची अंदाजपत्रके कोलमडतात.

बाहेरच्या भिंतींवर हिरव्या-तपकिरी बाटल्यांच्या काचांचे बारीक तुकडे खोचलेला स्टको, म्हणजे बाहेरचा गिलावा, असेल, तर तो पाहून नाक मुरडू नये. कॅनडाच्या या मैदानी प्रदेशात त्या काळी तो सर्रास करत असत आणि तो कमालीचा टिकाऊ आहे. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत तो पोकळ वाजतो का, एवढेच बोटाने ठोकून पाहावे.

तळघर आणि आई-वडील यांच्याकडे येतो. सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांसाठीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, आलेले पालक एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, म्हणजे ही काही पाहुण्यांची खोली नव्हे, त्यांचे राहते घर आहे, असे समजून विचार करावा. झोपण्याच्या खोलीला बाहेर पडण्याजोगी खिडकी असणे ही कायद्याची अट आहे: उघडल्यावर मोकळी जागा किमान ०.३५ चौरस मीटर आणि कोणतीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नको. १९५२ च्या तळघरांतल्या मूळ खिडक्या या मापात बसत नाहीत, त्यामुळे काँक्रीट कापून खिडकी मोठी करावी लागते. हे काम परवाना घेऊन आणि वरच्या भाराचा विचार करूनच करावे. स्वतंत्र स्वयंपाकघरासह वेगळे बिऱ्हाड करायचे असेल, तर छताची उंची, आगरोधक विभागणी, धुराचे परस्परांशी जोडलेले इशारक आणि स्वतंत्र प्रवेश या गोष्टी आल्या. आधी सांगितलेले बाजूचे दार इथे उपयोगी पडते, कारण ते असल्यामुळे वरच्या घरातून न जाता खाली उतरता येते. जाहिरातीत ‘तळघरात दुसरे स्वयंपाकघर’ असे लिहिलेले असले, तरी ते नगरपालिकेने मान्य केलेले बिऱ्हाड आहे असे मुळीच समजू नये. परवान्याची प्रत मागावी. जिना अरुंद आणि उभा असतो, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो रोज चढणे-उतरणे झेपणार नाही, हेही मनात असू द्यावे. मी तर अनेकांना वरची एक खोली पालकांना देऊन मुलांची खोली खाली नेण्याचा सल्ला देतो.

खाली कोणी राहणार असेल, तर रेडॉनची चाचणी करावीच. जमिनीतून येणाऱ्या या किरणोत्सारी वायूला वास नाही, रंग नाही. केंद्रीय आरोग्य खात्याची मर्यादा घनमीटरला २०० बेकरेल इतकी आहे आणि चाचणी हिवाळ्यात किमान तीन महिने चालू ठेवायची असते. त्यामुळे ती खरेदीआधी होणार नाही, पण उपाय फारसा महाग नसल्याने व्यवहार अडवण्याचेही कारण नाही.

आपल्या घरांपुरता एक मुद्दा इथले तपासनीस सहसा काढत नाहीत. जुन्या स्वयंपाकघरातला शेगडीवरचा पंखा बहुधा हवा बाहेर न सोडता गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. रोजची फोडणी, तीन शिट्ट्यांचा कुकर आणि बाहेर उणे तीस अंश, अशा परिस्थितीत ती वाफ जाणार कुठे? ती खिडक्यांच्या काचांवर आणि पोटमाळ्यात जाऊन गोठते, आणि मार्च-एप्रिलमध्ये वितळून छतावर डाग पाडते. लोक छप्पर गळते म्हणून छप्परवाल्याला बोलावतात. बाहेर हवा सोडणारा चांगला पंखा आणि पोटमाळ्याकडे जाणारी प्रत्येक फट बंद करणे, हे दोन खर्च मी नव्या रंगाच्या आधी करायला सांगेन.

कागदांचा विषय वकिलाचा असला, तरी काय मागायचे ते आपल्याला माहीत हवे. पहिला कागद म्हणजे रिअल प्रॉपर्टी रिपोर्ट, अर्थात परवानाधारक सर्व्हेयरने मोजून काढलेला नकाशा, ज्यात घर, गॅरेज, ओटा आणि कुंपण हद्दीच्या संदर्भात नेमके कुठे आहेत ते दाखवलेले असते आणि त्यावर हे सारे नियमांत बसते असा नगरपालिकेचा शेरा असतो. मागच्या गल्लीवरचे जुने गॅरेज हद्दीबाहेर थोडे सरकलेले असणे अजिबात दुर्मीळ नाही. हल्ली त्याऐवजी मालकीहक्काचा विमा देऊन वेळ मारून नेतात. विमा पैसे देईल, गॅरेज हलवून देणार नाही. दुसरा कागद म्हणजे मालकीहक्काचा उतारा आणि त्यावर नोंदवलेले जुने करार. ग्लेनोरा या वस्तीत १९११ साली जेम्स कॅरदर्स यांनी जमीन विकताना घातलेल्या अटी, ज्यांत एका प्लॉटवर एकच घर अशी अट होती, आजही तिथल्या मालमत्तांच्या उताऱ्यांवर आहेत आणि नव्या बांधकामांविरुद्ध रहिवासी त्यांचा आधार घेतात. अशा अटी नगरपालिका पाहत नाही. ती बांधकामाला परवानगी देऊन मोकळी होते आणि भांडण शेजाऱ्यांनी न्यायालयात मांडायचे असते. पार्कॅलनमधल्या आपल्या घराच्या उताऱ्यावर असे काही आहे की नाही, हे वकिलाकडून लेखी घ्यावे.

आता शेजारच्या आठ बिऱ्हाडांविषयी. भीती निराधार नाही. २००१ पासून जुन्या वस्त्यांना लागू असलेली विशेष नियमावली नवे बांधकाम आजूबाजूच्या घरांच्या उंचीशी आणि अंतरांशी जुळवायला लावत असे. नगरपरिषदेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा झोनिंग कायदा, म्हणजे कोणत्या भागात काय आणि किती बांधता येईल हे ठरवणारा कायदा, मंजूर केला आणि १ जानेवारी २०२४ पासून ती नियमावली संपुष्टात आली. नव्या कायद्याने लहान निवासी झोनमध्ये साडेदहा मीटर उंचीपर्यंत आणि प्लॉटच्या आकारानुसार जास्तीत जास्त आठ बिऱ्हाडांपर्यंत बांधकामाला वाट दिली. कायदा लागू झाला तेव्हाचे गणित दर बिऱ्हाडामागे ७५ चौरस मीटर जमीन असे होते; ५० बाय १२० फुटांचा प्लॉट सुमारे ५५७ चौरस मीटरांचा होतो, म्हणजे आठ नव्हे तर सात. एवढ्याने आपले समाधान होणार नाही हे मला कळते. या आकड्यांवर आणि बांधकामाच्या लांबीवर नगरपरिषदेत वाद चालूच राहिला आहे, म्हणून सही करण्याच्या आठवड्यातले नियम नगरपालिकेकडून ताजे घ्यावेत. शिवाय जुलै २०२० पासून नव्या बांधकामाला किमान इतकी पार्किंगची जागा हवीच ही अटही राहिलेली नाही, तेव्हा घरासमोरची रस्त्यावरची जागा कायम आपलीच असेल असे धरू नये.

या धोरणामागची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. पाच-सहा माणसांची कुटुंबे जिथे राहत होती तिथे आता एक-दोन वृद्ध राहतात. मुले कमी झाल्याने मध्यवर्ती भागांतल्या काही शाळा बंद पडल्या, आणि त्याच वेळी शहराच्या कडेला नवे रस्ते आणि गटारे घालण्याचा बोजा वाढत गेला. २०२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांवर गेली, आणि वीस लाखांपर्यंतची वाढ गृहीत धरणाऱ्या नगर आराखड्यात नव्या घरांपैकी निम्मी सध्याच्या वस्त्यांत व्हावीत असे उद्दिष्ट आहे. पार्कॅलनजवळ मॅककर्नन-बेलग्रेव्हिया आणि साउथ कॅम्पस ही लोहमार्गाची दोन स्थानके २००९ पासून आहेत आणि विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा इथे नवे बांधकाम होणारच. आपल्या बाजूने पाहावे ते इतकेच, की आपल्या दक्षिणेकडचे घर कोणत्या अवस्थेत आहे. चांगले राखलेले, नुकतेच नूतनीकरण झालेले घर लवकर पाडले जात नाही. रिकामे, दुर्लक्षित आणि भाड्याने फिरणारे घर पाडले जाते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला अगदी खाली असतो, त्यामुळे त्या बाजूला तीन मजले उभे राहिले तर सावली पूर्ण अंगणावर पडेल, आणि उत्तरेला उभे राहिले तर जवळजवळ काहीच फरक पडणार नाही. हे गणित घर पाहायला गेलेला माणूस सहसा मांडत नाही.

रस्त्याच्या कडेची एल्मची झाडे हे अशा वस्तीचे वैभव आहे, परंतु त्यांचे नियमही माहीत असावेत. पदपथालगतचे झाड नगरपालिकेचे असते आणि त्याला हात लावता येत नाही. अंगणातले एल्म आपले असले, तरी अल्बर्टात १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात त्याची छाटणी करायला बंदी आहे, कारण ताज्या जखमेच्या वासाने रोग पसरवणारे भुंगेरे येतात. डच एल्म रोगापासून हे शहर अनेक दशके मुक्त होते. २०२४ साली तो इथे आढळला, त्यामुळे आता या नियमाकडे काटेकोरपणे पाहिले जाते. पायाजवळचे मोठे झाड कोरड्या उन्हाळ्यात चिकणमातीतले पाणी ओढून घेते आणि त्या कोपऱ्यातला पाया खचतो, हा दोष मी वारंवार नोंदवतो.

वस्तीच्या जीवनाबद्दल आपण फारसे विचारलेले नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. इथे प्रत्येक वस्तीची कम्युनिटी लीग, म्हणजे रहिवाशांची संघटना, असते. तिची परंपरा १९१७ साली क्रेस्टवुड भागात सुरू झाली. हिवाळ्यात स्वयंसेवक पाणी मारून बर्फाचे मैदान तयार करतात, आणि तिथे मुलांना स्केटिंग शिकवता-शिकवता पालकांच्या ओळखी होतात. मराठी मंडळी मिल वुड्समध्ये आणि दक्षिणेच्या नव्या वस्त्यांत अधिक आहेत, हे खरे. गणपतीच्या आरतीला गाडी काढूनच जावे लागेल.

नव्या घराच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, ती म्हणजे हमी. फेब्रुवारी २०१४ पासून अल्बर्टात नव्या घराला मजुरी व साहित्यासाठी एक वर्ष, नळ-वीज-हीटिंगसाठी दोन, बाह्य आवरणासाठी पाच आणि मूळ ढाच्यासाठी दहा वर्षांची हमी कायद्याने मिळते. १९५२ च्या घराला अशी कोणतीही हमी नाही, आणि विक्रेत्याने उघड दिसणारे दोष सांगावेत अशी सक्तीही नाही. त्याला ठाऊक असलेले, सहज न दिसणारे गंभीर दोष मात्र त्याने लपवता कामा नयेत. म्हणून हमीच्या ऐवजी आपण स्वतःचा राखीव निधी उभारायचा असतो. दरवर्षी घराच्या किमतीच्या एक ते दीड टक्का रक्कम बाजूला काढा असे मी सांगतो, आणि पहिल्या वर्षासाठी सांडपाण्याचा नळ बदलण्याइतके पैसे हाताशी असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटी व्यवहाराच्या क्रमाविषयी. खरेदीचा प्रस्ताव देताना तपासणीची अट घालून निदान एक आठवडा मागावा, आणि त्या आठवड्यात आधी कॅमेरा, मग माझ्यासारख्याची तपासणी, आणि त्यात तसे निघाले तरच अभियंता असा क्रम ठेवावा. तोवर वकिलाने उतारा आणि नकाशा पाहिलेला असावा, आणि विमा कंपनीकडून विजेच्या जोडणीबद्दल होकार आलेला असावा. मुळांनी भरलेला नळ, ६० अँपिअरची जोडणी, घर तापवणारी जुनी भट्टी या गोष्टी किंमत कमी करून घेण्याच्या आहेत, घर सोडून देण्याच्या नाहीत. आत कललेली भिंत असेल आणि अभियंत्याला पाहू देण्यास विक्रेता तयार नसेल, किंवा नळात कॅमेरा घालायलाच तो नकार देत असेल, तर अट मागे न घेता आपली अनामत परत घ्यावी आणि पार्कॅलनमध्येच दुसरे घर विक्रीला येण्याची वाट पाहावी.